डाउनहिल रेसिंग करणाऱ्या मुलाच्या मागे आईवडिलांनी कसं उभं राहावं?

तुम्ही विचारलंय: मुलगा 14 वर्षांचा आहे, दोन वर्षं ट्रेलवर सायकल चालवतोय आणि आता त्याला डाउनहिलच्या, म्हणजे डोंगरउतारावरून सायकलनं वेगात खाली येण्याच्या, रेसमध्ये उतरायचंय. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही आणि मनात धडकी भरते. मग पाठिंबा कसा द्यायचा, थांबवायचं कुठे, आणि रेस चालू असताना आपण उभं तरी कुठे राहायचं? माझी लेक 13 व्या वर्षी या खेळात पडली, आता तिला 17 पूर्ण होतील. ही चार वर्षं मी टूलबॉक्स घेऊन तिच्यामागे फिरतेय, म्हणून लिहिते.

आधी ते सांगते, जे मला फार उशिरा कळलं. तुमच्या मुलाला तुमच्यासमोर ‘दुखतंय’ आणि ‘आज भीती वाटतेय’ हे न कचरता म्हणता आलं पाहिजे. हेल्मेट, कोच, भारी सायकल हे सगळं त्याच्यानंतर.

दुसऱ्या वर्षी एका रेसच्या सरावात लेक हातावर पडली. उठली, हात झटकला, “काही नाही गं” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी रेससुद्धा केली. दोन आठवड्यांनी ती साध्या बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडताना दिसली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण ती उजव्या हाताची आहे. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो, तिथे दाबलं की ती कळवळत होती. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. हे हाड फसवं असतं. सूज फारशी येत नाही, पहिल्या एक्स-रेत तडा दिसेलच असं नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा नाजूक असल्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते नीट जुळत नाही. म्हणून त्या खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे साफ आला तरी डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे या खेळात मनगट आणि कॉलरबोन यांची आठवण कायम ठेवा. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग अजून मऊ असतो. मोठ्या माणसाचा जिथे नुसता सांधा मुरगळेल, तिथे मुलाच्या त्या भागाला इजा होऊ शकते. ‘मुरगळलंय, होईल बरं’ हे आपणच ठरवून टाकू नये.

डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस? ती मान खाली घालून म्हणाली, “आईनं सुट्टी टाकली होती.” रेसच्या आदल्या आठवड्यात मी फोनवर बहिणीशी बोलत होते, “एवढी रजा, एवढा खर्च, आता ही रेस तरी नीट होऊ दे.” लेक शेजारच्या खोलीत होती. मी तिला ओरडले नव्हते, काही बोललेही नव्हते. तिनं ते ऐकून घेतलं आणि मोडलेल्या हातानं रेस केली.

त्यानंतर खर्चाचा विषय आम्ही ती जवळ नसतानाच काढतो. परवडत नसेल तेव्हा तिला सरळ सांगते की या वर्षी चार रेस होतील, सहा नाही. पण एकदा जायचं ठरलं की तो खर्च झाला, संपलं. तिनं पहिल्या सरावानंतर सायकल गाडीत टाकायला सांगितलं तरी मी टाकते. असं आजवर दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा परतीच्या वाटेवर आम्ही दुसऱ्याच विषयांवर बोललो.

कुठे थांबवायचं, याचं माझं उत्तर असं आहे की कुठले निर्णय मुलाचे आणि कुठले तुमचे, हे आधीच, घरी, शांतपणे ठरवून टाका. कुठली लाइन घ्यायची, म्हणजे ट्रॅकवर नेमकं कुठून जायचं, किती वेगानं, जंप मारायची की बाजूच्या सोप्या वाटेनं उतरायचं, हे सगळं तिचं. मला त्यातलं कळत नाही, आणि कळलं असतं तरी सायकलवर ती असते. डोक्याला मार लागला की मात्र निर्णय माझा, आणि त्यावर वाद नाही.

एकदा रॉक गार्डनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या दगडधोंड्यांच्या पट्ट्यात, ती तोंडावर पडली. शुद्ध गेली नाही, स्वतः उठून खाली आली, हसतही होती. मग तिनं विचारलं, “माझा दुसरा गॉगल कुठाय?” मी दिला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मी तिथल्या डॉक्टरांना गाठलं आणि तिचं नाव रेसमधून काढून घेतलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मेंदूला हादरा बसायला, म्हणजे कन्कशन व्हायला, बेशुद्ध पडावंच लागत नाही, आणि लक्षणं कधीकधी काही तासांनी दिसतात. नियम साधा आहे: नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही. पहिले एक-दोन दिवस हलकी विश्रांती आणि स्क्रीन कमी, मग आधी शाळा पूर्ववत आणि त्यानंतर खेळ, तोही टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याला निदान 24 तास, आणि पुन्हा ट्रॅकवर उतरण्याआधी डॉक्टरांची परवानगी. मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात. पडल्यावर पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, झटके, वाढत जाणारा गोंधळ यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. मानेबद्दल शंका असेल तर मुलाला हलवू नका आणि हेल्मेट स्वतः ओढून काढू नका. ते काम तिथल्या वैद्यकीय पथकाचं. हे वाक्य तुमच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला पाठ करायला लावा, कारण धावत जाऊन लेकराचं हेल्मेट काढण्याची ऊर्मी फार जबर असते.

तिसऱ्या दिवशी तीच माझ्याशी बोलायला आली आणि ऑस्ट्रियाची डाउनहिल रेसर वालेंटिना होल हिच्याबद्दल सांगायला लागली. 2020 साली लिओगांगला, म्हणजे होलच्या स्वतःच्या देशात, विश्व अजिंक्यपद स्पर्धा होती. होल तेव्हा 18 वर्षांची होती. सरावात पडून तिचा घोटा मोडला आणि रेस हुकली. दोन वर्षांनी, 2022 मध्ये, फ्रान्समध्ये ले जेला ती विश्वविजेती झाली. “म्हणजे एक रेस गेली तर चालतं,” असं लेकीनं स्वतःच स्वतःला समजावलं. मी नुसती ऐकत होते. हे मी तिला सांगितलं असतं तर तिला ते पटलं नसतं.

आता सामानाबद्दल. फुल-फेस हेल्मेट रेसमध्येही लागतं आणि सरावातही. नवं असताना गालाला घट्ट लागलं पाहिजे, आणि डोकं हलवलं की हेल्मेटनं वेगळं हलता कामा नये. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, हेल्मेट तसं कधीही घेऊ नका, सायकलही नाही. जोराचा आपटा बसलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद समजा, कारण आतला फोम एकदाच दबतो. गुडघे, कोपर, पाठ आणि छातीचं संरक्षण, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह, गॉगल. नेक ब्रेस, म्हणजे मानेभोवती घालायचं संरक्षक कडं, याबद्दल लोकांची वेगवेगळी मतं आहेत. घ्यायचाच असेल तर हेल्मेट घालून दुकानातच जोडी जमते का बघा, नाहीतर मान वर करून पुढे बघताना तो टोचतो.

सायकलबद्दल मला सुरुवातीला तुमच्याइतकंच कळत होतं. शिकून घ्या, कारण मुलाच्या हाताला हात लावून काम करताना जितक्या गप्पा होतात तितक्या समोर बसवून होत नाहीत. आमच्याकडे ब्रेक ब्लीड करायचं, म्हणजे ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायचं, काम माझं. तुमच्या मुलाच्या वयात विशेष लक्ष ठेवावं ते वजनावर. सहा महिन्यांत अंगानं भरतात ही मुलं, आणि सस्पेन्शन अजून जुन्याच वजनावर लावलेलं असतं. सायकलवर तयारीनिशी उभं राहिलं की शॉक, म्हणजे धक्के शोषणारा भाग, आपल्या वजनानं जितका दबतो त्याला सॅग म्हणतात. डाउनहिलच्या सायकलला मागे तो साधारण 30 टक्के ठेवतात. वजन वाढलं की एअर शॉकमध्ये हवा वाढवायची, कॉइल असेल तर स्प्रिंग बदलायची. ब्रेकचं लिव्हर एका बोटात येईल इतकं जवळ घ्या. लहान हाताला लिव्हर लांब पडलं की मुलं बोटं ताणून धरतात आणि दोन मिनिटांत हात भरून येतात.

हात भरून येणं काय असतं तेही बघा. यूसीआय या जागतिक संघटनेच्या नियमांत डाउनहिलचा ट्रॅक दीड ते साडेतीन किलोमीटरचा आणि वेळ दोन ते पाच मिनिटांची असते. बघणाऱ्याला वाटतं, उतारच तर आहे. प्रत्यक्षात तेवढी सगळी मिनिटं मूल पेडलवर उभं असतं, अंग सतत आघात सोसत असतं, मुठी आवळलेल्या असतात. खाली पोचेपर्यंत कोपरापासून पंजापर्यंत हात दगड होतो आणि ब्रेकवरचं बोट ऐकेनासं होतं. दमलेल्या हातानं केलेली शेवटची रन, म्हणजे वरून खालपर्यंतची फेरी, सगळ्यात वाईट. आमच्या घरात ‘अजून एकच’ हे दोन शब्द बंद आहेत. चौथ्या-पाचव्या रननंतर मी विचारते, हात कसे आहेत? उत्तर द्यायला वेळ लागला की आम्ही थांबतो.

ट्रॅक वॉक मात्र सोडू नका. सरावाच्या आधी सगळे रायडर ट्रॅक पायी उतरतात, आणि पालक म्हणून तुम्हाला या खेळात मिळणारा तो सगळ्यात चांगला वेळ असतो. मुळं कुठे ओली आहेत, माती कुठे सैल आहे, वळणातून बाहेर पडताना काय दिसतं, हे त्याला बघू द्या आणि तुम्ही मागे चाला. मी एकच प्रश्न विचारायला शिकले: “इथे ब्रेक कुठे सोडणार?” ब्रेक कुठे मारणार असं विचारलं की मुलाच्या मनात घाबरायची जागा पक्की होते. सोडायची जागा ठरवताना मात्र ते पुढे बघायला लागतं. सायकल नजरेच्या मागे जाते, हे त्या मुलांकडून रोज ऐकाल.

भीतीबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तोच आहे. तुमची भीती जाणार नाही, माझीही गेलेली नाही. ती मुलाच्या खांद्यावर टाकायची नाही, एवढं आपल्याला जमतं. “जपून हं” हे स्टार्टच्या आधी म्हणू नका, ते तुमच्या मनाच्या समाधानासाठी असतं. मुलाची भीती मात्र ओळखायला शिका. एका भीतीत मूल बोलकं होतं, सारखं हात झटकतं, जंप दोनदा बघून येतं, पायांनी हवेत मापं घेतं. ती चांगली. दुसऱ्या भीतीत ते गप्प होतं, खांदे वर जातात, नजर पुढच्या चाकावर खिळते. माझी लेक एका गॅप जंपच्या, म्हणजे मधली मोकळी जागा ओलांडायच्या उडीच्या, तोंडाशी तीनदा ब्रेक मारून थांबली होती. आमचं ठरलेलं आहे, तीनदा थांबलं की त्या दिवशी ती जंप नाही. ती बाजूच्या वाटेनं उतरली, काही सेकंद गेले, नंबर खाली आला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर तिनं ती जंप पहिल्याच सरावात मारली. मागच्या वर्षी ढकलून मारायला लावली असती तर काय झालं असतं, या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

ज्युनियर गट जागतिक पातळीवर 17 आणि 18 वर्षांचा असतो. तुमचा मुलगा 14 चा आहे, म्हणजे घाई कुणालाच नाही. पहिलं वर्ष छोट्या, ओळखीच्या ट्रॅकवर काढा. संमतीपत्र वाचून सही करा. विम्यात शर्यत धरली आहे की नाही ते विचारा, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते. रक्तगट, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा.

उरला उभं राहण्याचा प्रश्न. पहिली दोन वर्षं मी ट्रॅकवरच्या सगळ्यात अवघड जागी थांबायचे. पडली तर जवळ असावं म्हणून. एक दिवस तिनंच सांगितलं, “आई, तू तिथे दिसलीस की माझी नजर तुझ्याकडे जाते.” शिवाय रायडर एकामागून एक ठरावीक अंतरानं सुटतात, त्यामुळे पडलेल्याकडे धावत जाणारी आई मागून येणाऱ्या मुलाच्या वाटेत येते. तिथे झेंडे घेतलेले मार्शल असतात, ते त्यांचं काम जाणतात. आता मी फिनिशला थांबते, पाणी आणि जॅकेट घेऊन. वेळ फलकावर दिसतेच, मी विचारत नाही. ती सायकल माझ्या हातात देते, गॉगल वर सरकवते आणि कधी तिथेच, कधी घरी परतताना अर्ध्या वाटेत, स्वतःहून सांगायला लागते.