प्रयोगशाळेत वापरलेली द्रावके ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येतात का?

तुम्ही विचारले आहे की, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत काचसामान धुतलेले ॲसिटोन, कॉलम क्रोमॅटोग्राफीनंतर (भरलेल्या नळीतून पदार्थ वेगळे करण्याच्या कामानंतर) उरलेले हेक्झेन व इथाइल ॲसिटेट आणि थोडे क्लोरोफॉर्म असे सारे एकाच कॅनमध्ये साठले आहे, तर ते ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरात आणता येईल का. आज भरलेल्या कॅनपुरते माझे उत्तर 'नाही' असेच आहे. पुढच्या कॅनपासून मात्र बरेच द्रावक वाचवता येईल. ते वाचणार की नाही याचा निकाल ऊर्ध्वपातनाला बसण्याआधीच, बेसिनशेजारच्या बाटल्यांपाशी लागलेला असतो.

ॲसिटोन सुमारे 56 अंश सेल्सिअसला उकळते आणि क्लोरोफॉर्म 61 अंशांना, त्यामुळे ते सहज वेगळे होतील असे वाटते. पण या दोघांचे अॅझिओट्रोप, म्हणजे ठरावीक प्रमाणात वेगळे न होता एकत्रच उकळणारे मिश्रण तयार होते, जे दोघांपेक्षाही जास्त, म्हणजे सुमारे 64 अंशांना उकळते, आणि साध्या ऊर्ध्वपातन-कॉलमने ते फुटत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे कॅनमध्ये कोणी चुकून पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क ओतला असेल, तर ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांची अभिक्रिया भडकून बाटली फुटू शकते. म्हणून क्लोरोफॉर्मसारख्या हॅलोजनयुक्त द्रावकांचा कॅन पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावा, आणि ज्या कॅनमध्ये काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही तो तापवायला मुळीच घेऊ नये.

सर्वांत सोपे काम धुण्याच्या ॲसिटोनचे. बेसिनजवळ 'फक्त ॲसिटोन' अशी चिठ्ठी लावलेली बाटली ठेवली आणि तिच्यात नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे ऑक्सिडीकारक कधीही जाणार नाही याची शिस्त पाळली, की साध्या ऊर्ध्वपातनाने चांगले ॲसिटोन परत मिळते. हीटिंग मँटल (फ्लास्कभोवती बसणारे विजेचे तापक) किंवा पाण्याचे बाथ वापरावे. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, त्यामुळे बर्नरचा प्रश्नच येत नाही. पोर्सेलीनचे तुकडे द्रव थंड असतानाच टाकावेत, कारण तापलेल्या द्रवात टाकल्यास तो एकदम उसळून कंडेन्सरपर्यंत येतो. सुरुवातीचा थोडा अंश बाजूला काढावा, 55 ते 57 अंशांदरम्यानचा गोळा करावा आणि फ्लास्क कोरडा पडू न देता तळाशी दहावा हिस्सा तरी राहू द्यावा. मिळालेल्या ॲसिटोनने पहिली धुलाई करावी आणि शेवटची ताज्या ॲसिटोनने; अभिक्रियेसाठी हे परतीचे ॲसिटोन वापरण्याचा मोह टाळावा.

हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट ही जोडी मात्र वेगळा विचार मागते. त्यांचे उत्कलनबिंदू 69 आणि 77 अंश आहेत आणि त्यांचेही अॅझिओट्रोप होते, म्हणून त्यांना पूर्ण वेगळे करण्याच्या मागे लागणे व्यर्थ आहे. कॉलम क्रोमॅटोग्राफीला आपल्याला मिश्रणच हवे असते. रोटाव्हेपरच्या (कमी दाबाखाली द्रावक उडवून काढणाऱ्या उपकरणाच्या) ग्राही फ्लास्कमध्ये जमणारा द्रव आधीच ऊर्ध्वपातित असतो. तो रंगहीन असेल आणि कॉलमचा पदार्थ उसळून त्यात गेलेला नसेल, तर त्यात किती टक्के काय आहे एवढेच शोधायचे राहते.

हे प्रमाण शोधायला आपल्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे असे कोणी म्हणेल, पण दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखाच, 1.37 च्या आसपास असल्याने तो येथे निरुपयोगी ठरतो. घनता मात्र ठळकपणे वेगळी आहे: हेक्झेनची साधारण 0.66 आणि इथाइल ॲसिटेटची 0.90 ग्रॅम प्रति मिली. 25 मिलीच्या घनता-बाटलीत मिश्रण भरून वजन केले आणि ते 18.3 ग्रॅम आले, तर घनता 0.732 होते, म्हणजे इथाइल ॲसिटेट आकारमानाने सुमारे 30 टक्के. बाजारातले 'हेक्झेन' बहुधा समघटकांचे मिश्रण असते आणि तापमानानेही आकडे हलतात, म्हणून दोन्ही शुद्ध द्रावकांची घनता त्याच दिवशी, त्याच टेबलावर मोजून घ्यावी. मग कमी पडणारे द्रावक मिसळून हवे ते प्रमाण गाठता येते. वापरण्याआधी थोडे मिश्रण काचेवर सुकवून डाग राहतो का ते पाहावे आणि एक टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवरची क्रोमॅटोग्राफी) ताज्या मिश्रणात व एक परतीच्या मिश्रणात चालवून ठिपके सारख्या उंचीवर येतात का ते तपासावे. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत सर्वांत जास्त पैसा वाचतो तो याच एका सवयीने.

डायइथाइल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) यांच्या वाटेला जाऊ नये. हवेच्या संपर्कात त्यांत पेरॉक्साइडे तयार होतात, ती ऊर्ध्वपातनात तळाशी साठत जातात आणि शेवटी स्फोट होऊ शकतो. शिवाय पेरॉक्साइडे होऊ नयेत म्हणून टीएचएफमध्ये घातलेले बीएचटी हे रक्षक फ्लास्कमध्येच मागे राहते, त्यामुळे वर आलेला द्रव अधिकच असुरक्षित असतो. सोडियम ॲझाइड वापरलेल्या कामाचा कचरा डायक्लोरोमिथेनच्या कॅनमध्ये कधीही जाऊ देऊ नये. एचपीएलसीचे (उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीचे) ॲसिटोनायट्राइल पाण्यासोबत अॅझिओट्रोप होऊन सुमारे 84 टक्क्यांवर अडकते आणि त्याला पुन्हा एचपीएलसी दर्जाला नेणे महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. एकाच प्रमाणाच्या मोबाइल फेजवर (वाहत्या द्रावकावर) काम चालत असेल, तर आलेखातल्या दोन शिखरांमधला स्वच्छ प्रवाह पुन्हा बाटलीत वळवणारा झडप-संच घेणे हा त्यापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे.

विभागप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन हे सारे फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच) करावे आणि चालू ऊर्ध्वपातन सोडून चहाला जाऊ नये. तळाशी उरलेला गाळ आणि तुमचा आजचा मिश्र कॅन मात्र घातक कचरा म्हणूनच द्यावा लागेल. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे तो स्वीकारणारी सामायिक केंद्रे आहेत. कॅनवर घटकांची नावे, अंदाजे प्रमाण आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख लिहिलेली असावी, आणि कॅन तोंडापर्यंत भरलेला नसावा.