खंबाटकीला किती घोडे लागतात?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सांगलीत राहतोस, फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) मॅन्युअल आहे, दर आठवड्याला पुण्याची फेरी असते. मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवून, फोर्ज्ड म्हणजे घडीव, जास्त मजबूत पिस्टनने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) कमी करून १८० बीएचपी काढायचे आहेत, पण हायवेचं १७ चं ॲव्हरेज सोडायचं नाही. वय लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

वर दोघांनी "दोन्ही मिळत नाही, एक काय ते निवड" असं सांगून विषय मिटवलाय. मला ते पटत नाही. मात्र तू जी वाट धरली आहेस त्या वाटेने दोन्ही हातचे जातील, असं मला वाटतं. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी हिशोब. पेठ नाक्यावरून हायवेला लागलास आणि ८० ने निवांत चाललास, तर पोलोच्या आकाराच्या गाडीला हवेचा आणि टायरचा विरोध कापायला, एसी आणि गिअरबॉक्सचं खातं धरून, १२ हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात. बारा! बाकीचे जवळपास शंभर घोडे तबेल्यात उभे असतात. त्या वेळी इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण पाव हिस्साच कामाला लावतं. मांडून बघ: तासाला सव्वाचार लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला १९ किलोमीटर. आता १२० ने चल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने, त्यामुळे त्याच गाडीला २८-३० लागतात आणि ॲव्हरेज साडेतेरा-चौदावर येतं. गाडी तीच, टर्बो तोच, मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) तोच. तुझं १७ कुठल्या वेगाला येतं ते आधी लिहून ठेव, नाहीतर रिमॅपनंतर, म्हणजे ते सेटिंग बदलल्यावर, पाय जड होईल आणि शिव्या ट्यूनरला पडतील.

पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट चढतोस (जाताना बोगदा असतो, तो वेगळा). तिघेजण आणि सामान धरून १३०० किलो, चढ ५ टक्के, वेग ६० असं समज. गाडी वर उचलायला चौदा-पंधरा, हवा आणि टायरचे पाच-सहा. झाले २०. घाटातसुद्धा तुझ्या इंजिनाच्या ११० घोड्यांमधले २० च खर्ची पडतात. ट्रकला मागे टाकताना मिनिटभर ७०-८० लागतील तेवढंच.

उलट बाजूने बघ. १८० हॉर्सपॉवर खरोखर काढत राहिलास तर इंजिन तासाला ५० लिटर पिईल. मिनिटाला पाऊण लिटरच्या वर. टाकी तासाभरात कोरडी. तेव्हा १८० वापरताना ॲव्हरेजचा विषयच नसतो. विषय आहे तो १८० ची सोय करून ठेवल्यामुळे १२ वापरताना काय भुर्दंड बसतो, याचा. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे.

फॉर्म्युला वनचं उदाहरण लोक नेहमी देतात, म्हणून तेही घेऊ. २०१४ पासून तिथे १.६ लिटरचं टर्बो व्ही६ आलं आणि इंधनाला तासाला १०० किलोची मर्यादा घातली गेली. इंधनच बांधून दिल्यावर ज्याचं इंजिन जास्त कार्यक्षम त्याचीच ताकद जास्त. मर्सिडीजने २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर ५० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता गाठल्याचं जाहीर केलं. म्हणजे ताकद आणि ॲव्हरेज जन्मजात वैरी नाहीत. पण ती इंजिनं जवळजवळ सतत पूर्ण दाबाखाली चालतात. आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे तिसऱ्या गिअरात रांगणाऱ्या तुझ्या पोलोला तो हिशोब लागू पडत नाही.

आता तुझ्या यादीकडे. पहिलं कॉम्प्रेशन. तुझ्या इंजिनाचं साडेदहाच्या आसपास आहे. ते साडेआठवर आणलंस तर पुस्तकातल्या ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) सूत्राने साडेपाच-सहा टक्के कार्यक्षमता गेली. गंमत अशी की पूर्ण बूस्ट (टर्बोचा जादा दाब) तू महिन्यातून तासभर वापरणार, पण हा सहा टक्क्यांचा हप्ता विश्रामबागच्या सिग्नलला उभा असतानाही भरणार. कमी कॉम्प्रेशनचा सल्ला जुन्या पुस्तकांतून येतो, पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारायच्या काळातला. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरच्या आतच फवारलं जातं, त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, म्हणून साडेदहा कॉम्प्रेशन आणि टर्बो एकत्र नांदू शकतात. कंपनीने एवढं कमावलेलं आपण पैसे देऊन घालवायचं, हे मला समजत नाही.

दुसरं मोठा टर्बो. सहाव्या गिअरात हायवेला तुझं इंजिन ज्या आरपीएमला फिरतं तिथे मोठा टर्बो झोपलेला असेल. जरा चढ आला की तू गिअर खाली घेणार, इंजिन हजारभर आरपीएम वर जाणार, आणि घर्षणात पेट्रोल जळणार. शिवाय १८० हा आकडा ५५०० आरपीएमला हवा असेल तर तिथे २३० न्यूटन मीटर टॉर्क धरून ठेवावा लागतो. तुझ्या इंजिनाचा कंपनीचा कमाल टॉर्कच १७५ आहे, आणि वरच्या आरपीएमला तो उतरायला लागलेला असतो. एक लिटर, तीन सिलिंडर. क्लच, गिअरबॉक्स, फ्युएल पंप, सगळ्यांची रांग लागेल.

टर्बोवाली इंजिनं खालच्या आरपीएमला किती बदलू शकतात आणि कागदावर किती, याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल. तेच १२४८ सीसी, साध्या टर्बोवर ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर, व्हेरिएबल जिऑमेट्री (आतली पाती हलवता येणाऱ्या) टर्बोवर ९० पीएस आणि २००. कागदावर १५ घोडे वाढले, टॉर्क मात्र १० च. गावात चालवताना बऱ्याच जणांना ७५ वालीच बरी वाटायची.

इथे माझी फजिती सांगतो, कारण तुझ्यासारखीच खाज मलाही होती. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या डिझेल हॅचबॅकला ट्यूनिंग बॉक्स लावला. विकणाऱ्याने सांगितलं, पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही. लावला आणि खरंच डिस्प्लेवर १९ चे २३ झाले! महिनाभर मी सातारा एमआयडीसीत चहाच्या टपरीवर सगळ्यांना तो डिस्प्ले दाखवत हिंडलो. मग एकदा मेढ्याच्या पुढे केळघर घाटात मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं, म्हणाला, "धुरानं पुढचं काय दिसंना राव, पुढं तरी जाऊ द्या." घरी येऊन टाकी टू टाकी मोजलं तर १८ सुद्धा नव्हतं.

कारण नंतर समजलं. तो बॉक्स कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दाखवत होता. ईसीयूला वाटायचं प्रेशर कमी आहे, म्हणून तो वाढवायचा. इंजेक्टरमधून जास्त डिझेल जायचं. पण डिस्प्लेवरचं ॲव्हरेज हा ईसीयूचाच हिशोब, आणि त्याच्या लेखी डिझेल कमीच चाललेलं. सेन्सरला फसवलं की डिस्प्लेही फसतो, आणि डिस्प्लेबरोबर मालकही. त्याच वर्षी क्लच बदलला. तेव्हापासून माझा एकच नियम: त्याच पंपावर, पहिल्या कटला (नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे) थांबून, निदान तीन टाक्या मोजल्याशिवाय ॲव्हरेजवर बोलायचं नाही. तुला कुणी स्क्रीनशॉट पाठवला तर हसून सोडून दे.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असतो तर इंजिन उघडलं नसतं. टर्बो कंपनीचाच ठेवला असता आणि चांगल्या माणसाकडून ईसीयूचा मॅप लिहून घेऊन १३० च्या आसपास थांबलो असतो. मॅप लिहिणाऱ्याला दोन गोष्टी ठणकावून सांगायच्या.

एक, क्रूझिंगच्या (एका वेगाने निवांत चालण्याच्या) भागाला हात लावू नकोस. हलक्या लोडवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवर नजर ठेवून लॅम्डा १ वरच चालवतो, म्हणजे हवा आणि पेट्रोल रासायनिक हिशोबाने बरोबर. तिथे आधीच काही वाया जात नाही, म्हणून "रिमॅपने पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १० टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नकोस. पूर्ण लोडवर मात्र पेट्रोल जादा सोडतात, ते जळायला नव्हे तर एक्झॉस्ट थंड ठेवायला. हे जादा पेट्रोल जितकं उशिरा सुरू होईल तितकं बरं. तुझ्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते यासाठीच. मोठ्या टर्बोसाठी लोक किट शोधायला लागतात तेव्हा ही गोष्ट विसरतात.

दोन, २००० आरपीएमच्या खाली टॉर्क वाढवू नकोस. यावर जरा थांबतो, कारण यात इंजिनं फुटतात. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएमला जास्त दाब दिला की कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. हे नेहमीचं नॉकिंग (स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठक) नाही. नॉकिंग ईसीयूला ऐकू येतं आणि तो टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा पाडतो. हे एका फटक्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली धातूची कड) तोडतं, ईसीयूला सावरायला वेळच मिळत नाही. ऑइलचे थेंब आणि ऑइलमधल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध सापडला, म्हणून २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन संस्थेची एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही ऑइलची ग्रेड आली. डब्यावर एसपी बघूनच ऑइल घे. आणि ॲव्हरेजच्या नादात सहाव्या गिअरात १५०० ला ॲक्सिलरेटर तळाला दाबून चढ काढायची सवय असेल तर ती आजच सोड. आमच्या पिढीला वडिलांनी "टॉप गिअर टाक, पेट्रोल वाचतं" असं शिकवलं. त्यांच्या गाडीला टर्बो नव्हता.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) बदलायचं तू लिहिलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. बाहेर ३५ अंश असताना एक बार बूस्ट दिला तर टर्बोतून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. ती थंड झाली नाही तर टायमिंग मागे, ताकद कमी, एक्झॉस्ट गरम, पेट्रोल जादा. पण तुझ्या गाडीचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे आणि पाण्यावर चालतो, समोर लावायचा मोठा हवेवरचा कूलर सरळ बसत नाही. त्यापेक्षा पुढचा छोटा रेडिएटर बघ. उसाच्या हंगामात त्याच्या जाळीत पाचटाचा चुरा आणि धूळ घट्ट बसते. कमी दाबाच्या पाण्याने साफ करून घे. फुकटातली सुधारणा आहे.

पेट्रोलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) सहा-सात टक्के ॲव्हरेज तसंही जातं. ऊस आपलाच, डिस्टिलरी आपल्याच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार! बदल्यात इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग न होता दाब सोसायची क्षमता) चांगला आणि सिलिंडर थंड ठेवण्याची ताकद जास्त, म्हणजे मॅप नीट लिहिला तर वरच्या लोडला त्याचा फायदाच होतो. फक्त ट्यूनर १४.७ च्या आकड्यावर (एक किलो शुद्ध पेट्रोलला लागणारी हवा, किलोत) बोलत असेल तर त्याला लॅम्डात बोलायला लाव, कारण ई२० ला तो आकडा बरोबर नाही. शंभर ऑक्टेनवर मॅप लिहून घेऊ नकोस. ते ठराविक पंपांवरच मिळतं. पुण्यात भरलंस आणि कराडला साधं भरावं लागलं तर? जे पेट्रोल तुला सगळीकडे मिळतं त्याच्यावर मॅप.

टायर रुंद घेऊ नकोस. दिसायला छान, पण त्या १२ हॉर्सपॉवरमध्ये तीन-चार तर टायरचेच असतात.

आरटीओ आणि इन्शुरन्सचं वर कुणीच लिहिलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मज्जाव आहे, आणि वॉरंटी असेल तर ती गेलीच समज. हा निर्णय डोळे उघडे ठेवून घे.

गाडी किती चालली आहे ते तू लिहिलं नाहीस. ६०-७० हजारांच्या पुढे असेल तर मॅपच्या आधी प्लग बदल, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घे आणि इनटेक व्हॉल्व्हवर किती काजळी बसली आहे ते कॅमेरा घालून बघ, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात नाही आणि ते धुतले जात नाहीत. तिन्ही आकडे इथे टाक, मग १३० की १२० ते बोलू.