बॅटरीचा एमसीबी सारखा पडतोय? लगेच 100 चा आणायला धावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या पत्र्याखालचा तो एमसीबीचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) डबाच डोळ्यासमोर आला. 5 केव्हीएचा इन्व्हर्टर, 150 एएचच्या 4 ट्युब्युलर बॅटऱ्या, 63 अँपिअरचा एमसीबी, संध्याकाळी एसी लावला की वीस मिनिटांनी टक्क... सगळं जसंच्या तसं. आणि शेवटचा प्रश्नही तोच, "63 काढून 100 चा बसवू का?" मी बसवला होता. म्हणून एवढं लिहितेय.

आधीच सांगते, मी इलेक्ट्रिशियन नाही, बँकेत आहे. चूक वाटली तर जाणकारांनी कान धरा.

वीस मिनिटांनी पडतोय हीच तुमची खूण आहे. ऑन करताक्षणी पडला असता तर ते वेगळं दुखणं, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे असताना एकदम करंट ओढतात त्याचं. उशिरा पडतो म्हणजे एमसीबीच्या आतली धातूची पट्टी तापून पडतोय. आता पट्टी तापते कशाने ते बघा. समजा लोड 3 किलोवॅट, भागिले चार बॅटऱ्यांचे मिळून 48 व्होल्ट, म्हणजे साडेबासष्ट अँपिअर, कागदावर बरोबर बसतं, पण इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, बॅटरी लोडखाली 46 वर येते, म्हणजे खरे 70 च्या वर जातात. त्यात बहुतेक घरगुती एमसीबीवरचा आकडा 30 डिग्रीला धरलेला असतो, आणि आमच्या अकोल्यात मे महिन्यात सावलीत 45, मग पत्र्याखालच्या बंद डब्यात काय असेल!

पण आमच्याकडे खरं कारण हे नव्हतंच, म्हणजे होतं पण अर्धं. ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांच्या सर्व्हिसला मी 3 वेळा कंप्लेंट केली. दोनदा फोनवरच "मॅडम लोड कमी करा." तिसऱ्यांदा एक मुलगा आला, एमसीबी वर केला, फोटो काढला, ओटीपी घेतला आणि गेला, संध्याकाळी मेसेज की तक्रार निवारण झाली. त्याने डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं हो! (तेव्हापासून काम झाल्याशिवाय मी कुणालाच ओटीपी देत नाही, गॅसवाल्यालाही नाही.)

मग मीच चिडून 100 चा आणला आणि गल्लीतल्या वायरमनकडून बसवून घेतला. वायर तीच, 16 स्क्वेअर एमएमची. तीन दिवस एकदाही पडला नाही, पेढे वाटायचेच बाकी होते. चौथ्या रात्री जळक्या रबराचा वास. प्लसची वायर वीतभर काळी पडलेली, एमसीबीची एक बाजू वितळून वाकडी. सासूबाईंना वास आला म्हणून निभावलं, मी तर मालिका बघत होते.

दुसऱ्या दिवशी मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मायनसची लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी), जी शाबूत होती, ती नुसती हाताने फिरवली तर फिरली. हातोडीने ठोकून बसवलेली होती, क्रिम्प केलेलीच नव्हती, म्हणजे हत्याराने नीट दाबून पक्की केलेली नव्हती. म्हणजे जॉइंट तापायचा, ती उष्णता वायरीतून एमसीबीत जायची, आणि 63 चा बिचारा इमानदारीत पडून सांगत होता की इथे आग लागेल. मी त्याचंच तोंड बंद केलं. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, तो मोठा केला की वायरीला कुणी वाली उरत नाही, हे मला 11 हजार गेल्यावर कळलं.

तर तुम्ही आधी जॉइंट तपासा. लोड चालू असताना मल्टिमीटर डीसी (बॅटरीच्या करंटच्या) मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक लगजवळच्या वायरीच्या तांब्यावर, दुसरं लग जिथे कसलीय त्या स्क्रूवर. 70 अँपिअरला 70 मिलिव्होल्ट दिसले तर त्या एका जागी जवळजवळ 5 वॅट उष्णता होतेय. काकांना आमच्याकडे 300 दिसले, म्हणजे 20 वॅट, छोट्या सोल्डरिंग गनएवढी. आणि हो, करंट मोजायला डीसीचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) लागतो, साधा एसीवाला, म्हणजे घरातल्या सॉकेटच्या करंटसाठीचा, इथे काहीच दाखवत नाही, त्यात माझा एक रविवार गेला.

कसायचं काम मात्र सगळं बंद करूनच. सोलर असेल तर आधी सोलर पॅनेलचा आयसोलेटर (तोडायचा स्विच), मग इन्व्हर्टर, मग बॅटरी. अंगठी, बांगड्या काढा, पान्याला टेप गुंडाळा. 48 व्होल्टचा शॉक जाणवतही नसेल, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर बोटं जातील. भीती वाटत असेल तर करूच नका, माणूस बोलवा.

एमसीबीवर एसी लिहिलंय की डीसी तेही बघा. एसीचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते. डीसीचा असून त्यावर प्लस-मायनस छापलेलं असेल तर तोही बॅटरीला नको, कारण तो बहुधा एकाच दिशेचा करंट नीट तोडतो आणि बॅटरीत करंट जातोही आणि येतोही. दुकानदार "सब चलता है" म्हणेल, ऐकू नका.

आमच्याकडे शेवटी 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, हायड्रॉलिक क्रिम्पिंग, वायर जाड झाली म्हणूनच 125 चा दोन्ही दिशांचा डीसी एमसीसीबी (एमसीबीचाच मोठा भाऊ) आणि बॅटरीजवळ फ्यूज असं झालं. डबा पत्र्याखालून काढून पॅसेजमध्ये आणला, दिसायला घाण दिसतो, पण दोन उन्हाळे एकदाही पडला नाही. तुमची वायर किती स्क्वेअरची आहे ते लिहाच, आणि जॉइंटचा फोटो टाका. 100 चा आणून ठेवला असेल तर डबी फोडू नका, बिलासकट परत घेतात बहुतेक.