चौथं लॉक बसत नसेल तर ते घासू नका

तुमची पोस्ट वाचली. पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टचा यू-जॉइंट (शाफ्टचे दोन भाग कोनात फिरू देणारा सांधा) बदलला, चारपैकी एक लॉक (कप बाहेर सरकू नये म्हणून बसवायची कडी) खाचेत बसलंच नाही, वर्कशॉपवाले म्हणाले "चालवा, आपोआप बसेल", आणि आता वळणावर स्टिअरिंग जड होऊन झटके देतं. हे दुखणं मी चांगलं ओळखतो. आधी गाडी थांबवा. लॉक नसलेला कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) हळूहळू बाहेर सरकतो, नॅकलला (चाक वळवणाऱ्या जोडणीला) घासतो आणि योकचा (शाफ्टच्या दुबेळक्या टोकाचा) कान मोडतो. मग नुसत्या क्रॉसवर (जॉइंटमधल्या चार टोकांच्या तुकड्यावर) भागत नाही, शाफ्टही बदलावा लागतो.

चाक, कॅलिपर आणि हब काढणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

लॉक न बसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कप दाबताना आतली एखादी सुई (बेअरिंगची बारीक दांडी) निखळून तळाशी आडवी पडते. क्रॉसची पिन (त्याचं टोक) तिच्यावर टेकते आणि कप सुईच्या जाडीइतका, म्हणजे साधारण दोन-अडीच मिलिमीटर, बाहेर राहतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो. इथेच सगळं बिघडतं. सुई मोडते, कपाच्या तळाला खड्डा पडतो, आणि हातोड्याने योकचे कान आत वाकले तर नवीन क्रॉसही पुढे कायम आवळलेलाच राहतो. लॉक घासून पातळ करून बसवणारेही आहेत. माझं स्पष्ट मत आहे, असं करणाऱ्याच्या हातात पुन्हा शाफ्ट देऊ नये.

कप बाहेर राहिलेलं अंतर एक मिलिमीटरच्या आत असेल तर सुईवर संशय घेण्याआधी खाच बघा. जुन्या योकच्या खाचेत गंज दगडासारखा बसलेला असतो. तो बारीक टोकाच्या अवजाराने खरवडून पूर्ण काढा. तिसरं कारण ग्रीसचं. कपाच्या तळाशी भरपूर ग्रीस कोंबलं की ते दाबलं जाऊन पिनला अडवतं. सुया जागच्या जागी चिकटून राहतील इतका थर पुरे.

बसवताना एवढं पाळा: कप आत जात असताना पिन त्याच्या आत असलीच पाहिजे. पहिला कप हाताने सरळ सुरू करा, क्रॉस त्याच्याकडे सरकवून पिन सुयांमध्ये घाला, मगच व्हाइसने दाबा. समोरचा कप सुरू केला की क्रॉस थोडा मागे आणा, म्हणजे दोन्ही पिना दोन्ही कपांत अर्ध्या अर्ध्या राहतील. अशा वेळी सुईला पडायला जागाच उरत नाही. शेवटचा भाग कपापेक्षा किंचित लहान सॉकेटने दाबा आणि एक लॉक बसलं की दुसरीकडे वळा. कप तिरका चालला तर तिथेच थांबून बाहेर काढा. कप बोटाने सहज आत घसरत असेल तर योकचं भोक झिजलंय. तिथे कप घट्ट बसावा म्हणून पंचने ठिपके मारणं किंवा वेल्डिंगचे टाके घालणं मला अजिबात पटत नाही, शाफ्ट बदला.

चारही लॉक बसल्यावर जॉइंट दोन्ही दिशांना हलवून बघा. नवा जॉइंट थोडा घट्ट असतो, पण दोन्हीकडे सारखाच. एकाच दिशेला अडत असेल तर योकच्या कानावर पितळी हातोड्याने बेताने ठोका. कप बाहेर सरकून लॉकला टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. तरीही मोकळा झाला नाही तर उघडा, दुसरा इलाज नाही.

जाता जाता एक गोष्ट: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह टाकलेलं राहिलं तरी वळणावर असंच जड लागतं. पूर्ण वळलेल्या चाकावर एकेरी क्रॉसचा वेगही प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, त्यामुळे फोर-व्हीलमध्ये थोडा झटका चांगल्या जॉइंटलाही असतो. म्हणून तपासणी टू-व्हील ड्राइव्हवर करा.

क्रॉस निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) घ्यावा की बिननिपलचा, यावर मतभेद आहेत. पुढच्या अ‍ॅक्सलसाठी मी बिननिपलचा भरीव क्रॉस घेईन, कारण ग्रीससाठी आत भोक पाडलेला क्रॉस तेवढा कमकुवत होतो.

शाफ्ट परत घालताना तो हाताने उचलून धरा. तेल अडवणारं सील डिफरन्शियलजवळ (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याजवळ) असलेल्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट घासत नेला तर सीलची कड फाटते आणि आठवड्याभराने नळीच्या टोकाला तेल दिसतं. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या. उदाहरणार्थ, जुन्या जीप चेरोकी एक्सजेला अ‍ॅक्सल नट 237 न्यूटन-मीटर आणि हबचे तीन बोल्ट 102 न्यूटन-मीटर. अशा युनिट बेअरिंगच्या (हब आणि बेअरिंग एकाच तुकड्यात असलेल्या) हबवर नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी जमिनीवर ढकलूसुद्धा नका, बेअरिंग खराब होतं.

गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, तेव्हा हे अंदाजाने सांगतोय. न बसलेल्या लॉकजवळ कप किती मिलिमीटर बाहेर आहे ते मोजून कळवा, आणि जॉइंट एकाच दिशेला अडतो की दोन्ही, तेही लिहा.