नुसते गोल-चौकोन येतात, डिझाइनला जाऊ का?

प्रश्न: मला ग्राफिक डिझाइन शिकायचंय. पण माणसं, हात, चेहरे काही केल्या जमत नाहीत. नुसते गोल, चौकोन, त्रिकोण नीट येतात. बाबा म्हणतात, "चित्र काढता येत नाही, मग डिझाइन कसलं?" त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर: 'नुसते' हा शब्द तू अगदी ओशाळून लिहिलायस. रशियात यादवी युद्ध चालू असताना, 1919 च्या सुमारास, एल लिसिट्स्की या तिथल्या चित्रकार-डिझायनरने एक पोस्टर केलं. पांढऱ्या गोलात घुसणारा लाल त्रिकोण. कम्युनिस्टांचं लाल सैन्य विरोधातल्या 'पांढऱ्या' सैन्यावर तुटून पडतंय हे दाखवायला त्याला एकही सैनिक काढावा लागला नाही.

आता एक कर. काळ्या कागदाचे सहा सारखे चौकोन आणि एक गोल काप. कोऱ्या कागदावर ते फक्त सरकवून 'एकटेपणा' दाखव. आधी तू चौकोनांचा घोळका एका कोपऱ्यात ठेवशील आणि गोल लांब दुसऱ्या कोपऱ्यात. सगळेच तसं ठेवतात. पण तो गोल एकटा पडलाय की मजेत भटकायला निघालाय, ते कळत नाही. मग त्याला मधोमध आण आणि भोवती चौकोन मांड, सगळीकडून सारखं अंतर सोडून. गर्दीत आहे, पण कुणी शिवत नाही. आता एकच चौकोन किंचित तिरका करून त्याच्याकडे सरकव. कुणीतरी बोलायला वळलं ना? यात हात कुठे लागला? लागली ती नजर.

त्याच सात तुकड्यांत 'घाई', 'धाक', 'वाट पाहणं' करून बघ. प्रत्येकाचे दहा-बारा प्रयत्न, सगळ्यांचे फोटो, फसलेल्यांचेसुद्धा. पोर्टफोलिओत मला तेच आधी बघायला आवडतात. शब्द न सांगता बाबांना दाखव आणि काय वाटतं ते विचार. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

बाबांचं थोडं बरोबरही आहे. इलस्ट्रेशन करायचं तर हात हवाच, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या वेळी स्केचिंग बघतात, तेव्हा सराव सोडू नकोस. लोगो, आयकॉन, दिशादर्शक पाट्या, इन्फोग्राफिक या कामांत मात्र तुझे गोल-चौकोनच जास्त उपयोगी पडतील.

तिसऱ्या दिवशीही तो गोल अजून जरासा सरकवावासा वाटला, तर अर्ज भर. वैताग आला, तर पुन्हा लिही. दुसऱ्या वाटा बघू.