खडकाचं वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचं वय खडकावरून, मग हे गोल गोल फिरणं नाही का?

थर बघून कुठला जीवाश्म आधीचा ते कसं कळतं असं तुम्ही विचारलंय, आणि खाली लिहिलंय की दोन्ही एकमेकांवरून ठरवतात तर सिद्ध काय झालं. जिऑलॉजी शिकायला लागलो तेव्हा नेमकी हीच शंका माझ्या डोक्यात घर करून बसली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधी गोष्ट. चिखल, वाळू पाण्याच्या तळाशी बसत जाते आणि नवा गाळ जुन्याच्या वरच बसणार, खालून शिरायला त्याला जागाच नाही. म्हणजे खालचा थर आधीचा. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने हे १६६९ मध्येच लिहून ठेवलंय. गाळ बसताना जो प्राणी त्यात गाडला गेला तो त्या थराच्याच काळातला. यात वर्षांचा आकडा कुठेच नाही बघा, फक्त आधी कोण नि नंतर कोण एवढंच.

आता खरी अडचण अशी की एका डोंगरातला थर शंभर किलोमीटरवरच्या थराशी जुळवायचा कसा, कारण काळी शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) किंवा पिवळा वालुकाश्म वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा तयार झालाय, रंगावरून काही कळत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ नावाचा सर्व्हेयर कोळसा वाहून न्यायच्या कालव्याच्या कामावर होता, खोदकामात त्याच्या लक्षात आलं की सारख्या दिसणाऱ्या थरांमधले जीवाश्म वेगळे असतात आणि त्यांचा क्रम जिथे जाल तिथे तोच. त्या जोरावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. आणि डार्विनचा ग्रंथ आला १८५९ ला! म्हणजे हा क्रम उत्क्रांती गृहीत धरून लावलेला नाहीये, तो खोदताना दिसलेला आहे. तुमच्या शंकेचं निम्मं उत्तर मला वाटतं इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं ज्वालामुखीच्या राखेत. गाळाच्या थरांमध्ये अधूनमधून राखेचा थर सापडतो, त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात, त्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं, ते मोजलं की वर्षं मिळतात आणि या मोजणीत जीवाश्माचा काडीचाही संबंध नाही. वरच्या राखेचं वय कमी, खालच्या राखेचं जास्त, मग मधल्या थरातला जीवाश्म त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. राख मिळालीच नाही तर काळ ठरवायला अमोनाइट, ग्राप्टोलाइट असले नामशेष झालेले समुद्री जीव कामाला येतात, कारण ते समुद्रातून दूरवर पसरले आणि त्यांची एकेक जात थोडाच काळ टिकली. लिंग्युला नावाच्या शिंपल्यासारख्या समुद्री प्राण्याचा मात्र फारसा उपयोग नाही, त्याचं कवच कोट्यवधी वर्षं जवळपास तसंच दिसतं.

हां, थर नेहमी सरळ असतात असं नाही. अमेरिकेत मोंटानामधल्या चीफ माउंटनला शंभर कोटी वर्षांहून जुना खडक डायनोसोरच्या काळातल्या खडकावर बसलाय, कारण जमिनीच्या दाबाने अख्खी कातळाची चादर सरकत वर चढली, सरकल्याची भेगही तिथे दिसते. घडी पडून थर उलटे झाले असतील तर तेही ओळखता येतं, चिखल वाळताना पडलेल्या भेगा खाली निमुळत्या होत जातात, त्या वरच्या बाजूला निमुळत्या दिसल्या की समजायचं थर उलटलाय. फसवतात ते जुन्या खडकातून झिजून निघालेले आणि नव्या गाळात पुन्हा गाडले गेलेले जीवाश्म, त्यांची झीज बघावी लागते.

आता थरांचा हा क्रम खरोखर कामाला येतो याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव शोधायचा होता, तर नील शुबिन हा अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी थरांचा हिशोब केला, की अमुक काळापर्यंत फक्त मासे, अमुक काळानंतर पाय असलेले प्राणी, मग मधल्या काळातला गाळाचा खडक उघडा कुठे पडलाय? तो होता कॅनडाच्या उत्तरेला, एल्समिअर बेटावर, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. १९९९ पासून त्या गारठ्यात जात राहिले आणि २००४ मध्ये तिथेच तसा जीव, टिकटालिक, सापडला, अंगावर माशासारखे खवले, पण मान वळवता येणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं.