लानचौची गाडी

प्रश्न : ताई, चीनमध्ये स्वयंसेवी शिक्षिका म्हणून जातेय. शीआन ते लानचौ रेल्वेने जाऊ का? मी शाकाहारी आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : जा की! मी 2014 मध्ये याच मार्गाने शिकवायला गेले, रात्रीच्या साध्या गाडीने. 'यिंगवो' म्हणजे आपला स्लीपरच, तीन मजली. मला सगळ्यात वरचा बर्थ मिळाला. तिथे ताठ बसताच येत नाही, दोनदा डोकं आपटलं! अटेंडंटबाईंनी तिकीट घेऊन हातात एक कार्ड ठेवलं. मी घाबरलेच, पण उतरायच्या आधी तिकीट परत मिळालं. आता ई-तिकीट, त्यामुळे ती गंमत गेली. पासपोर्ट मात्र हाताशी ठेव.

रात्री दहाला दिवे बंद. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी फुकट मिळतं. झाकणाचा मग, चहा आणि उपम्याचं तयार मिश्रण घे. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ कर. तरी सूपमध्ये काय आहे ते विचारच.

2017 पासून वेगवान गाडी साधारण तीन तासांत पोचवते. घाई असेल तर ती.

आणि हो, टूरिस्ट व्हिसावर शिकवायचं नाही, बिनपगारीसुद्धा. योग्य व्हिसा संस्थेकडून आधी करून घे, मग तिकीट काढ.